बन्सीधर अन् ओढ्यापल्याडची वाडी

हरणगव्हाणच्या फाट्यावर भुजंगचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेलापुढं एकच बाकडं. एका अंगानं बसलं की राणीसावरगावकडं जाणारी सडक दिसते, दुसऱ्या अंगानं बसलं की ओढा अन् ओढ्यापल्याडची वाडी. बन्सीधर कायम सडकेकडं तोंड करून बसतो. ऊन डोळ्यावर आलं तरी फिरत नाही. परक्या माणसाला वाटतं, म्हातारा बसची वाट बघायलाय. गावाला मालूम आहे की त्याला वाडी बघवत नाही.

अन् न बघता त्याला वाडीतलं सगळं ठाऊक असतं. कुणाच्या घरावर स्लॅब पडला, कुणाच्या दारात ट्रॅक्टर आलं, कुणाच्या पोरीनं कितवीत काय केलं. भुजंगही कमी नाही. चहा गाळता गाळता मुद्दाम खडा टाकतो.

"अण्णा, वाडीत पाण्याची नवी टाकी बांधायलेत म्हणं."

"टाकी बांधून काय करतेत? पाणी कुठंय?"

"लागलंय की बोअरला."

"खारट आसंल."

"गोड हाय म्हणत्यात."

"मग दोन सालात आटंल," बन्सीधर म्हणतो, अन् बशीतला चहा असा फुरकन ओढतो की वाडीची टाकीच रिकामी करायलाय.

हा इलाका बालाघाटाच्या उताराचा. गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, काळी माती इथवर येता येता दमून जाते. ओढ्याच्या अल्याड, हरणगव्हाणच्या बाजूला, ती थोडीफार आहे. पल्याड सगळा मुरमाड माळ. फक्त एका वळणावर ओढ्यानं कधीकाळी वाट बदलली अन् काळ्या मातीचा एक तुकडा पल्याड टाकून गेला. तो तुकडा बन्सीधरच्या घराण्याचा. घरात त्याला 'पल्याडचं रान' म्हणतात. त्या रानाला लागूनच भुजंगचा एक पट्टा आहे, पण त्याची कधी कुणी एवढी वाखाणणी केली नाही.

वाडी वसली ती ह्या रानापायी. बन्सीधरच्या आजानं माळावर धनगरांची चार घरं बसवली. त्यात पुण्य कमवायचा हेतू नव्हता, आजाला मेंढरं पाहिजे होती. ज्वारी निघाली की रिकाम्या रानात मेंढरं बसवायची. दिवसा चरायची, दिवस मावळला की वाघर लावून, म्हणजे जाळ्याचं कुंपण करून, रानातच मुक्काम. लेंडी-मुतानं रान असं पोसतं की पुढचं पीक बघायला पाहुणे येतात. त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य. हे सगळीकडंच आहे. पण हरणगव्हाणचा एक नेम आहे. मेंढरं 'सांगायला' मालकानं स्वतः जायचं, हातात नारळ घेऊन, मेंढपाळाच्या दारात. गडी धाडून चालत नाही, पोरगं धाडून चालत नाही. आजा म्हणायचा, लक्ष्मीला सांगावा धाडत नसत्यात, बोलवायला जावं लागतं.

आजा गेला, बाप गेला, मग बन्सीधर जायला लागला. ग्यानबाच्या दारात.

ग्यानबा अन् बन्सीधर एका वयाचे. हरणगव्हाणच्या शाळेत एका पट्टीवर बसलेले. ग्यानबानं पाचवीत शाळा सोडली अन् काठी धरली, बन्सीधर दहावीला दोनदा बसला. पट्टीचा सोबती म्हणून ग्यानबा त्याला आजही 'बन्सी' म्हणतो. वाडीतलं दुसरं कोणी अण्णा सोडून काही म्हणत नाही. ह्या 'बन्सी'चं त्याला लहानपणी काही वाटत नव्हतं. ग्यानबाच्या घरावर गवत होतं तोवर वाटलं नाही.

बन्सीधरच्या पोटातली ही आग नुसती वाडीपुरती नाही, हे मात्र सांगायला पाहिजे. परतूर परभणीतून तुटून जालन्याला गेलं तेव्हा तो जवान होता. परतूरला त्याचं कोणी नव्हतं, तो कधी गेला नव्हता. तरी त्या दिवशी दोन घास कमी जेवला. जालन्याला नवा जिल्हा मिळाला, वर आपलं परतूरही! मग हिंगोली वेगळी झाली. "हिंगोलीला कलेक्टर?" तो गावभर विचारत फिरला. हिंगोलीच्या गाड्यांवर एमएच अडतीस दिसायला लागलं तसं तो सडकेवर अशा गाड्या हेरायला लागला, अन् दिसली की म्हणायचा, "बघा, कालपर्यंत आपल्या बावीस नंबरात होता हा." पालम वेगळा तालुका झाला तेव्हा तर घरात बसवेना.

"कालपर्यंत गंगाखेडच्या कचेरीत रांगेला आमच्या मागं उभे ऱ्हायचे," तो बायकोला म्हणाला. "आज त्यांची सोताची तहसील."

कस्तुराबाई भाकरी थापायली होती. "पालमचा आन् तुमचा काय संबंध?"

"न्हाई ना संबंध! आपला आसता तर एवढं जळलं आसतं का?"

त्याच्या ह्या जळण्याला एक मूळ होतं अन् ते मूळ त्याच्या घरात, उतरंडीच्या शेजारी, उभं होतं. एक खुर्ची. निजामाच्या राज्यात गिरदावर, म्हणजे आताचा मंडळ अधिकारी, हरणगव्हाणात मुक्कामाला यायचा. चिंचेखाली खुर्ची टाकायचे, आसपासच्या गावांचे पटवारी दफ्तरं घेऊन यायचे. राज्य गेलं, गिरदावराचा मुक्काम दुसरीकडं गेला, खुर्ची राहिली. एक पाय मोडलेला, तिथं वीट लावलेली. बन्सीधर ती पाहुण्याला दाखवतो, बसू कोणाला देत नाही. "हितं सर्कल बसायचा," म्हणतो. "आमचं गाव ठाणं होतं."

अशा माणसापुढं वाडीनं काय करावं? वाढत जावं!

आधी वाडीला वेगळी शाळा झाली. मग वेगळी ग्रामपंचायत. बन्सीधर म्हणाला, चार घरची पंचायत, सरपंचाला शिपाई मिळायचा न्हाई. तोवर घरं चारची कितीतरी झाली होती. मग वाडी महसुली गाव झाली. नाव मल्हारवाडी. ओढा ही शीव धरली, अन् ओढ्यापल्याडचं जे होतं ते सगळं मल्हारवाडीचं. म्हणजे पल्याडचं रानही. बन्सीधरनं सातबारा काढला तर मालकाच्या जागी त्याचं नाव, अन् वर, गावाच्या जागी, मल्हारवाडी.

"आजानं बसवलेली वाडी," तो हॉटेलात म्हणाला, "आन् आज मीच तिच्यात बसलोय."

ग्यानबा तेव्हा तिथंच होता. "बस की बन्सी. आमी काय भाडं मागायलाव का?"

बाकड्यावरचे सगळे हसले. बन्सीधर सडकेकडं तोंड करून बसायला लागला तो त्या दिवसापासून.

तरी उन्हाळ्यात नारळ घेऊन जायचं त्यानं सोडलं नव्हतं. वाडी पंचायत झाली असेल, महसुली गाव झाली असेल, हरणगव्हाणपेक्षा लहानच होती. लहानाच्या दारात मोठा जातो त्यात कमीपणा नसतो, असं त्यानं मनाशी बसवलं होतं. दारातच उभा राहायचा, चहा घ्यायचा नाही, नारळ द्यायचा अन् परत.

मग ग्यानबाची नात जर्मनीला गेली.

दीपिका नर्सिंग शिकली, तिकडची भाषा शिकली, अन् गेली. आपल्या भागात लग्नाकार्यात, मिरवणुकीत, जीपच्या मागच्या काचेवर एकच वाक्य असतं, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. बन्सीधर ते सगळ्यात मोठ्यानं म्हणणारा. वरातीत म्हणायचा, ग्रामसभेत म्हणायचा, गंगाखेडला डॉक्टरला छाती दाखवतानासुद्धा म्हटला होता. दीपिका गेली त्या दिवसापासून त्याच्या तोंडून ते वाक्य बंद. आता जर्मनीही वाडीची झाली होती.

एकदा उन्हाळ्यात, दुपारी, हॉटेलात ग्यानबाच्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला. ग्यानबाला फोन कसा धरावा कळत नाही, त्यामुळं दीपिकाला निम्मा वेळ हॉटेलाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

"आबा, खाली धरा. कोन कोन हाय तिथं?"

"भुजंग हाय. बन्सी हाय. तिकडं तोंड करून बसलाय."

"अण्णा, बरे हायत का?" पोरगी म्हणाली.

आता पोरीनं विचारल्यावर फिरावंच लागलं. पडद्यावर खिडकी होती, खिडकीबाहेर हिरवी टेकाडं, गायी, अन् पिवळ्या फुलांची लांबच लांब रानं.

"हे तुजं शहर?" बन्सीधरनं विचारलं.

"शहर कुठलं अण्णा, खेडंच हाय. सगळा जिल्हा शेतकऱ्यांचा. आपल्यासारखाच."

हे ऐकून त्याला जरा बरं वाटलं. "मंग जिल्ह्याला कलेक्टर-बिलेक्टर हाय का?"

"तसाच एक आसतोय. पण इथं लय मजा हाय. पयले इथं दोन जिल्हे होते. सरकारनं पन्नास वर्षांमागं दोन्हीचा एक केला. आपल्याकडं एकाचे दोन करत्यात, इथं दोनाचा एक. मग कचेरी एका गावाला ऱ्हायली, दुसऱ्या गावाची गेली. माझ्या वॉर्डात एक म्हातारा हाय, त्या दुसऱ्या गावचा. आजून रागात हाय."

बन्सीधर बाकड्यावर पुढं सरकला. "कामून?"

"त्याच्या गावची कचेरी गेली ना. गाडीच्या नंबरावर जिल्ह्याची अक्षरं आसत्यात, आपल्या एमएच बावीससारखी. त्याची जुनी अक्षरं गेली. मधी सरकारनं सांगितलं, जुनी पायजे त्यांनी जुनी घ्या. ह्यो म्हातारा पयल्याच दिवशी जाऊन घेऊन आला. आता दवाखाना नेमका ह्या गावात, म्हणून यावं लागलं. मी सकाळी सुई द्यायला गेले की म्हणतोय, पोरी, मी ह्या जिल्ह्यात न्हाई बरं का, नुसता आडवा पडलोय."

भुजंग इतका हसला की हातातली गाळणी खाली पडली. ग्यानबाही हसला. बन्सीधर हसला नाही.

"शहाणा माणूस हाय," तो म्हणाला. "त्याला म्हणावं, बराबर हाय तुजं."

त्यानंतर दीपिकाचा फोन आला की तो आपणहून विचारायला लागला, म्हातारा कसा हाय? बाकी जर्मनीशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात बातमी आली. आमच्या भागातलं महसूल मंडळ लय मोठं झालं होतं, त्याचे दोन तुकडे होणार होते. नव्या मंडळाचं ठिकाण हरणगव्हाण का मल्हारवाडी, हे ठरायचं होतं. तहसीलचे साहेब दोन्ही गावं बघून वर कळवणार.

बन्सीधरनं खुर्चीचा पाय सुताराकडून बसवून घेतला. ग्रामसभेत उभा राहिला. "गिरदावर हितं बसायचा. सर्कल हितंच बसंल. आन् ऐका, हापिस जर पल्याड गेलं तर मी जन्मात वाडीच्या दारात पाय ठेवणार न्हाई."

"मेंढरं कशी सांगताल मग?" मागून भुजंग.

"मेंढरावाचून रान ऱ्हातंय का? दुकानात युरिया मिळतोय."

कस्तुराबाई बायकांत बसली होती. तिनं कपाळाला हात लावला. नवऱ्याचा शब्द तिला ठाऊक होता. पीक वाकलं असतं पण शब्द वाकला नसता.

साहेब वैशाखात येणार होते. बन्सीधर गंगाखेडला जाऊन विनवणी करून आला की साहेब, पावसाळ्यात या. का, ते सांगितलं नाही. गावात मात्र हळूच सांगितलं. वैशाखात ओढा कोरडा, दोन्ही गावं सारखीच दिसतील. भादव्यात यायला पाहिजे. ओढा दोन्ही थड्यांनी वाहताना साहेबानं बघितला की वाडीचा निकाल लागला. जिथं जाता येत नाही तिथं कोण कचेरी नेतंय?

डोकं चांगलं होतं. सगळ्या गावानं मान डोलवली.

भादव्यात साहेब आले. आदल्या दिवशी डोंगराकडं पाऊस झाला होता, ओढा तांबडा होऊन फुगलेला, झुडपं घेऊन चाललेला. बन्सीधरला पोरगं झाल्याचा आनंद. त्यानं खुर्ची ओढ्याच्या काठावर आणून ठेवली. साहेब तरणाबांड, चश्म्यातला, बाहेरच्या भागातला. "आमच्या आजाच्या टायमाला गिरदावर हिच्यात बसायचा," असं म्हणत बन्सीधरनं त्याला खुर्चीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या खुर्चीत कोणाला बसू दिलं. पल्याडच्या काठावर वाडीची माणसं उभी होती, पुढं ग्यानबा घोंगडं पांघरून. पाण्याच्या आवाजात त्यांना इकडचं काही ऐकू जात नव्हतं.

"सायब, बघा," बन्सीधरनं हात लांब केला. "आसं पाणी चढलं की अल्याडचा माणूस अल्याड, पल्याडचा पल्याड."

"किती दिवस राहतं असं?"

"पाण्याच्या मर्जीवर हाय. एकदा तर पंधरवडा उतरलं न्हाई. आन् नुसती वाडी न्हाई सायब. तिच्या मागं माळावर आजून वाड्या हायत, तांडे हायत. तेवढा सगळा मुलूख तुटून पडतोय. ह्या ग्यानबाच्या बायकूला, कासाबाईला, भर पावसात इंचू चावला. ट्यूबवर टाकून अल्याड आणली. मी सोता दोर धरला होता."

हे खरं होतं. दोर त्यानं धरला होता.

"लेकरांची शाळा बुडती. रेशन न्हाई. कागदाचं काम आसलं तर पाणी उतरंस्तोवर बसा." त्याला जोर चढत चालला होता. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी. "मी म्हणतो, सायब, जिथं माणसाला यायला-जायला वाट न्हाई तिथं..."

"थांबा," साहेब म्हणाले. "म्हणजे पलीकडच्या लोकांना पावसाळ्यात इकडं येताच येत नाही?"

"बिलकुल न्हाई!"

"अन् तुम्हाला?"

"आमाला काय, आमाला सडक हाय. गंगाखेड म्हणा, परभणी म्हणा, आमी कुठं बी जाऊ."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "मग कार्यालय हरणगव्हाणला ठेवलं तर त्या बिचाऱ्यांनी जायचं कुठं?"

बन्सीधरचा लांब केलेला हात खाली आला. मागं उभा असलेला भुजंग हळूच म्हणाला, "अण्णा, आवरा."

"तसं... तसं पाणी लगी उतरतंय सायब," बन्सीधर घाईनं म्हणाला. "सांजच्याला बघा, गुडघाभर बी ऱ्हायचं न्हाई."

"आत्ता तर पंधरवडा म्हणालात."

"ते एकदा. लय वर्षांमागं."

"तेवढं पुरे आहे." साहेब खुर्चीतून उठले अन् त्यांनी बन्सीधरचा हात हातात घेतला. "मी बरीच गावं बघितली, काका. शेजारच्या गावासाठी इतक्या पोटतिडकीनं बोलणारा माणूस पहिल्यांदा बघतोय."

"पोटातच हाय त्यांच्या, सायब," भुजंग म्हणाला. "लहानपणापासून."

पल्याड ग्यानबानं साहेबाला बन्सीधरचा हात धरलेला बघितला, अन् त्याला वाटलं, झालं, हरणगव्हाणचं ठरलं. तो घोंगडं सावरून घराकडं वळला. त्या एका दिवसापुरता वाडीच्या पोटातही जाळ झाला असणार. बन्सीधरला हे कळलं असतं तर तेवढंच समाधान मिळालं असतं, पण कळलं नाही.

पुढं व्हायचं तेच झालं. मंडळाचं ठिकाण मल्हारवाडी. वर ओढ्यावर पूल मंजूर, हरणगव्हाणच्या लोकांना कचेरीला जाता यावं म्हणून. तो कधी नव्हे ते झटपट बांधूनही झाला. अन् साहेब भला माणूस असल्यामुळं सगळीकडं सांगत सुटला की हे सगळं बन्सीधरकाकांनी नजरेला आणून दिलं. कचेरी उघडली त्या दिवशी वाडीनं त्याचा सत्कार ठेवला. ग्यानबा स्वतः बोलवायला आला.

"चल बन्सी. पयली खुर्ची तुजी."

"मला ताप हाय."

"कपाळ तर गार हाय तुजं."

"आतून हाय."

शाल अन् नारळ घरी आणून दिला. नारळ कस्तुराबाईनं आमटीत घातला, शालीवर पापड वाळवले. बन्सीधरनं त्यातला एकही पापड खाल्ला नाही.

शब्द मात्र पाळला. वाडीच्या दारात पाय ठेवला नाही. पल्याडच्या रानातही तो ओढ्याच्या वरच्या अंगानं, बाभळीतून वाकून जायचा. कागदपत्राचं काम निघालं की कस्तुराबाई पुलावरून जायची अन् येताना कागदासोबत वाडीचं कौतुक घेऊन यायची.

"हापिसात पंखा हाय. बसा म्हणत्यात. पाणी देत्यात."

"खारट आसंल."

"गोड हाय. दोन गिलास पिऊन आले."

उन्हाळा आला. ज्वारी निघाली, रानं रिकामी झाली. वाडीतली मेंढरं सांगायचे दिवस. ग्यानबानं लय वाट बघितली. एकाला म्हणाला बकरं लंगडतंय, दुसऱ्याला म्हणाला वाघर फाटलीय, असं करत मेंढरं धरून ठेवली. बन्सीधर आला नाही. शेवटी भुजंग एका सकाळी नारळ घेऊन पुलावरून गेला अन् मेंढरं सांगून आला. कळप पल्याडच्या रानाच्या बांधाला घासून पुढं गेला अन् भुजंगच्या पट्ट्यात उतरला. बन्सीधर बाभळीआड उभा राहून बघत होता.

त्यानं युरिया टाकला. मोजून नव्हे, राग येईल तेवढा टाकला.

पुढच्या हंगामात दोन रानं शेजारी शेजारी उभी होती. बन्सीधरची ज्वारी उंच, पोकळ, वाऱ्याला कलती. भुजंगची बुटकी पण काळीभोर, कणसं मुठीत मावत नव्हती. ज्या पट्ट्याकडं आजवर कोणी बघितलं नाही तो बघायला गंगाखेडहून पाहुणे आले. भुजंगनं त्यांना हॉटेलात आणून फुकट चहा पाजला.

बन्सीधरला आता बसायला बाजू उरली नाही. बाकड्याच्या एका अंगाला वाडी, दुसऱ्या अंगाला सडकेआधीच चुलीपाशी भुजंग.

"त्याच्या कणसाला काणीचा रोग पडंल," तो घरी म्हणाला.

"पडंल न्हाई तर न पडंल," कस्तुराबाई म्हणाली. "आपल्या रानाचं काय? तुमी नुसते जळायलाव. त्या जळण्याची राख तरी रानात पडली आसती तर पीक आलं आसतं. शेणाएवढा बी उपेग न्हाई तुमच्या जळण्याचा."

"मी शब्द दिलाय गावात."

"गावाला काय करायचंय तुमच्या शब्दाचं? गावानं भुजंगची ज्वारी बघितली."

हे मात्र लागलं. दुसऱ्या उन्हाळ्यात, एका दुपारी, बन्सीधरनं नवं धोतर नेसलं, नारळ उपरण्याखाली धरला अन् निघाला. हॉटेलापुढून जाताना बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. तो पुलाच्या तोंडाशी आला, थांबला, अन् डाव्या हाताला वळून खाली ओढ्यात उतरला. ओढा कोरडा ठक्क. तापलेल्या गोट्यांवरून, काटेकुटे चुकवत, धोतराचा सोगा धरत तो चालायला लागला. वर चांगला सिमेंटचा पूल, त्याच्या सावलीतून म्हातारा पलीकडं निघालेला.

ग्यानबा पुलावर कठड्याला टेकून उभा होता.

"बन्सी, वरून ये की रे. पाय भाजत्याल."

"तुमचा पूल तुमाला लखलाभ."

"आमचा कशाचा, तूच आणलास."

बन्सीधर गोट्यांवरून पुढंच चालत राहिला. पल्याडची थडी चढताना घसरला. ग्यानबानं वरून काठी खाली सोडली. बन्सीधरनं काठीकडं बघितलं, अन् बाजूचं रुईचं झुडूप धरून वर आला.

ग्यानबाच्या दारात, समोरच कचेरी. पाटी नवी, झेंड्याचा खांब नवा, आत पंख्याचा आवाज. बन्सीधर तिकडं पाठ करून उभा राहिला अन् उपरण्यातून नारळ काढला.

"मेंढरं सांगायला आलोय."

ग्यानबानं नारळ घेतला नाही. कोनाड्याकडं बोट केलं. तिथं एक नारळ आधीच ठेवलेला होता. "भुजंग येऊन गेला. सकाळी."

बन्सीधर तसाच उभा. हात पुढं, हातात नारळ. उन्हानं तोंड लाल झालेलं, पाय भाजलेले. एवढं चालून येऊन परत जायचं, तेही बाकड्यावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"आगुदर माझ्या रानात," तो म्हणाला. "मंग त्याच्या. माझ्या आजानं बसवलंय तुमाला."

"बसवलंय. न्हाई कोन म्हणतंय? पण नेम बी तुझ्या आजानंच घातलाय. ज्याचा नारळ आगुदर त्याचं रान आगुदर." ग्यानबानं त्याच्या हातातला नारळ घेऊन भुजंगच्या नारळाशेजारी, दुसऱ्या नंबरावर ठेवला. "रांगेत ऱ्हा बन्सी. वाडीत हापिस आलंय आता. हितं नंबरानं काम होतंय."

आतून कासाबाई फिसकन हसली अन् चहा घेऊन आली. बन्सीधर आजवर त्या घरात चहा प्याला नव्हता. त्या दिवशी घसा इतका कोरडा पडला होता की बशी हातात घेतली.

"तो म्हातारा कसा हाय?" बशीवर फुंकर घालत त्यानं विचारलं.

"कोनता?"

"जर्मनीचा."

"औंदा परत दवाखान्यात आला होता. बरा झाला. घरी गेला," ग्यानबा म्हणाला. "दीपी सांगत होती, पोरगं गाडी घेऊन न्यायला आलं. सरळ रस्ता कचेरीपुढून जातोय. म्हातारा गाडीत बसंना. शेवटी लांबच्या रस्त्यानं, सगळ्या गावाला वळसा घालून न्यावा लागला."

बन्सीधरचं तोंड जरा उजळलं. त्यानं बशी खाली ठेवली. "माणूस हाय," म्हणाला, अन् उठला. आला तसाच ओढ्यात उतरून परत गेला. बाकडं तोवर ओढ्याकडं फिरवून ठेवलं होतं अन् सगळं हॉटेल बघत बसलं होतं. एकानं सरकून जागा दिली तेवढी.

भुजंगच्या रानातून उठल्यावर मेंढरं पल्याडच्या रानात आली. बन्सीधर बांधावर बसून होता. ग्यानबा वाघर लावत होता, मेंढरं तिच्यात शिरत होती, धूळ उडत होती. बन्सीधर खाली वाकून ढेकळं उलटीपालटी करायला लागला.

"काय हुडकायलास?" ग्यानबानं विचारलं.

"भुजंगच्या रानात लेंडी जाड पडली म्हणं."

"मेंढरं तीच हायत, बन्सी."

"तीच आसत्याल," बन्सीधर म्हणाला, अन् बांध ओलांडून भुजंगच्या रानातली एक मूठ माती वास घेऊन बघायला गेला.